सिकंदराबादकर रीलवाल्यांनो, हे वाचाच!

2008 मध्ये कॅनडात कायद्याचे प्राध्यापक मायकल गाइस्ट यांनी प्रस्तावित कॉपीराइट विधेयक 'सी-61'वर 61 सेकंदांच्या व्हिडिओंची खुली स्पर्धा घेतली. पुढे निवडणूक लागली आणि विधेयकच बारगळलं! आपल्याकडे मात्र 1957 चा कायदा लागू आहे.

📌 क्लॉक टॉवर बिनधास्त शूट करा. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या कलाकृती, वास्तू चित्रित करायला कलम 52 मुभा देतं.

📌 आपल्या त्रिमुलघेरीत जन्मलेल्या श्याम बेनेगलांचा 'अंकुर' 1974 चा. चित्रपटाचे हक्क 60 वर्षं, म्हणजे 2034 अखेरपर्यंत.

📌 समीक्षेपुरता तुकडा चालतो. पण 'अमुक सेकंद माफ' असा नियम कायद्यात कुठेच नाही.

रील करणाऱ्या दोस्तांना टॅग करा!
#कॉपीराइट #सिकंदराबाद