विश्लेषण : सायनसच्या सीटी स्कॅनमध्ये ‘दोष’ दिसला म्हणजे आजार आहेच का?

कपाळ दुखते, नाक चोंदते, खाली वाकले की डोके जड होते. ‘सायनस झालाय’ असे आपणच ठरवतो आणि अनेकदा स्कॅन सेंटरची पायरीही चढतो. मोबाइलवर आलेल्या रिपोर्टमध्ये ‘म्युकोजल थिकनिंग’, ‘फ्रंटल सायनसायटिस’ असे शब्द दिसतात आणि घरात शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात हा स्कॅन काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही?

फ्रंटल सायनस म्हणजे काय?

खरे तर ‘सायनस’ हे आजाराचे नाव नाही. चेहऱ्याच्या हाडांत हवेने भरलेल्या ज्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. त्यांना सूज आली की तो सायनसायटिस. या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात : गालामागे मॅक्झिलरी, दोन डोळ्यांच्या मध्ये एथमॉइड, नाकाच्या मागे खोलवर स्फेनॉइड आणि भुवयांच्या वर कपाळाच्या हाडात फ्रंटल.

यातला फ्रंटल सर्वात उशिरा तयार होतो. जन्मतः तो जवळजवळ नसतोच. साधारण सहा-आठ वर्षांच्या वयात तो एक्स-रेवर दिसू लागतो आणि विशीच्या आसपास त्याची वाढ पूर्ण होते. काही जणांमध्ये तो एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना तयारच होत नाही. हा दोष नव्हे. त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘फ्रंटल सायनस अविकसित’ असे लिहिले असेल, तर घाबरण्याचे कारण नाही.

प्रत्येकाचा आकार वेगळा?

होय. कडा, कप्पे, उंची यात इतका फरक असतो की न्यायवैद्यकशास्त्रात त्याचा ओळख पटवण्यासाठी वापर होतो. मृत व्यक्तीचा स्कॅन आणि हयातीत काढलेला जुना एक्स-रे शेजारी ठेवून तुलना केली जाते. अशा तुलनेतून ओळख पटल्याची नोंद १९२७ सालची आहे. मात्र, ओळख पटवायला उपयोगी पडणारी हीच विविधता शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांसाठी डोकेदुखी ठरते.

अडचण नेमकी कुठे होते?

फ्रंटल सायनसमधील स्राव खाली नाकात उतरतो, तो ‘फ्रंटल रिसेस’ नावाच्या अरुंद वाटेने. या वाटेभोवती एथमॉइडच्या लहान-लहान हवेच्या पेशी दाटीने असतात. सर्वात पुढची ‘अ‍ॅगर नासी’ ही पेशी बहुतेकांमध्ये आढळते. या पेशी मोठ्या असतील किंवा अस्तर सुजले, तर वाट बुजते. मोरी तुंबल्यावर पाणी मागे साचावे, तसा स्राव वर साचतो. म्हणजे दुखणे कपाळात असले, तरी कारण अनेकदा खाली असते.

सीटी स्कॅनच का?

साध्या एक्स-रेमध्ये कवटीची सगळी हाडे एकावर एक दिसतात. सीटीमध्ये एक्स-रेचा स्रोत डोक्याभोवती फिरतो आणि संगणक त्या मोजमापांतून पातळ काप तयार करतो. रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये झाला. त्यामागचे इंजिनीअर गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांना १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल मिळाले. आजही सीटीतील घनता हाउन्सफिल्ड यांच्याच नावाच्या एककात मोजतात : हवा उणे १०००, पाणी शून्य आणि हाड त्याच्या बरेच वर. सायनसमध्ये हवा आणि पातळ हाडे शेजारी-शेजारी असल्याने हा फरक स्वच्छ उमटतो.

डॉक्टर त्यात काय पाहतात?

समोरून, वरून आणि बाजूने अशा तीन दिशांचे काप पाहिले जातात. फ्रंटल रिसेसची वाट समजण्यासाठी बाजूचा काप विशेष उपयोगी असतो. मेंदू आणि नाक यांच्यामधले हाड किती खाली झुकले आहे, डोळ्याच्या खोबणीचा कागदासारखा पातळ पडदा शाबूत आहे का, तिथली रक्तवाहिनी कुठून जाते, हे शस्त्रक्रियेआधी कळणे आवश्यक असते. चूक काही मिलिमीटरची झाली तरी इजा डोळ्याला किंवा मेंदूच्या आवरणाला होऊ शकते. त्यामुळे दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी हा स्कॅन म्हणजे नकाशाच असतो.

आजार किती पसरला आहे, यासाठी ‘लंड-मॅके’ गुण वापरले जातात. प्रत्येक सायनस मोकळा असेल तर ०, अर्धवट भरलेला असेल तर १ आणि पूर्ण भरलेला असेल तर २. दोन्ही बाजू मिळून कमाल गुण २४.

मग रिपोर्ट फसवा कसा ठरतो?

१९९४ मध्ये अमेरिकेत नुकतीच साधी सर्दी झालेल्या ३१ जणांचे सीटी काढण्यात आले. ८७ टक्के जणांच्या गालामागच्या सायनसमध्ये आणि ३२ टक्के जणांच्या फ्रंटल सायनसमध्ये बदल दिसले. त्यातील १४ जणांचा स्कॅन सुमारे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढला, तेव्हा ११ जणांचे बदल प्रतिजैविकांशिवायच गेले होते किंवा बरेच कमी झाले होते. म्हणजे ऐन सर्दीत काढलेल्या स्कॅनमध्ये ‘सायनसायटिस’ दिसणारच! काही त्रास नसलेल्या लोकांच्या स्कॅनमध्येही अस्तर थोडे जाड दिसू शकते.

उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी. अमेरिकेतच २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘सायनसची डोकेदुखी’ असल्याचे मानणाऱ्या सुमारे तीन हजार जणांपैकी ८८ टक्के जणांची लक्षणे मायग्रेनच्या प्रकारात मोडणारी निघाली. स्कॅन स्वच्छ असूनही कपाळ वारंवार दुखत असेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवे.

स्कॅन कधी करावा?

चार आठवड्यांच्या आतला, गुंतागुंत नसलेला सायनसायटिस डॉक्टर लक्षणांवरून ओळखतात. त्यासाठी सीटीची गरज नसते. त्रास १२ आठवड्यांहून अधिक काळ टिकला, औषधांचा पूर्ण कोर्स करूनही बरे वाटत नसेल किंवा शस्त्रक्रिया ठरत असेल, तर स्कॅन उपयोगी ठरतो.

मात्र डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे, नजर अंधुक होणे, कपाळावर मऊ फुगवटा, तीव्र डोकेदुखीसह ताप किंवा मान आखडणे, यापैकी काहीही दिसले तर थांबू नका. फ्रंटल सायनसची मागची भिंत मेंदूच्या आवरणाला लागून असते. संसर्ग तिकडे पसरू शकतो. कोविडनंतर २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसच्या रूपात सायनसमधून डोळ्यापर्यंत पोहोचणारा संसर्ग पाहिला आहे. अशा वेळी सीटीबरोबर एमआरआयही लागतो, कारण हाडाची झीज सीटीत उशिरा दिसू शकते.

किरणोत्सर्गाचा धोका किती?

आधुनिक यंत्रांवर सायनसच्या सीटीचा डोस बहुधा एक मिलिसिव्हर्टपेक्षा कमी असतो. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. धोका कमी असला तरी विनाकारण पुन्हा-पुन्हा स्कॅन, विशेषतः मुलांचे, टाळावेत. गर्भधारणेची शक्यता असेल तर आधी सांगावे.

रिपोर्ट हातात आल्यावर काय करावे?

जुने स्कॅन जपून ठेवा आणि फक्त कागद नव्हे, तर मूळ चित्रांची सीडी किंवा लिंक कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. स्कॅनच्या दिवशी सर्दी होती का, त्रास किती आठवड्यांचा आहे, कोणती औषधे किती दिवस घेतली, हे तीन मुद्दे लिहून न्या. रिपोर्टमधला शब्द आणि तुमचा त्रास यांचा मेळ बसतो का, हे त्यावरूनच ठरते.