घाटमाथ्यावरचा हिरवा खडा

महाबळेश्वरच्या कातळात पाचू सापडत नाही आणि सापडण्याची आशाही नाही. पाचू घडायला बेरिलियम लागते, ते ग्रॅनाइटच्या कुळातल्या खडकांतून येते. त्याला हिरवा रंग देणारे क्रोमियम वेगळ्याच जातीच्या खडकांत असते. जमिनीखाली या दोघांची गाठ क्वचितच पडते. आपला घाट तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. भूशास्त्रज्ञांनी या थरांच्या गटांना नावेही इथलीच दिली आहेत : पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर.

पण या काळ्या दगडाच्या पोटातही हिरवे आहे. लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या आणि झिरपत्या पाण्यातल्या खनिजांनी त्या पुढे भरून काढल्या. पोकळीच्या भिंतीवर अनेकदा आधी सेलाडोनाइट या हिरव्या, मातकट खनिजाचा लेप बसतो. त्यावर सिलिका साचली की कॅल्सेडनी किंवा अकीक तयार होतो, आणि हिरवे कण त्यात अडकले तर खडाच हिरवा दिसतो. त्यावर लोहाचे तांबडे ठिपके असले तर तो ब्लडस्टोन. दख्खनचा पाषाण त्यासाठी जुन्या काळापासून नावाजलेला आहे. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंगसुद्धा अशाच हिरव्या मातीचा.

पुण्याच्या पाषाण भागात मिळालेले हिरवे अपोफिलाइट स्फटिक जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. दख्खनच्या पोकळ्यांतली अशी खनिजे सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अवश्य पाहावीत. दागिन्याच्या दृष्टीने मात्र अपोफिलाइट नाजूक. त्याचे काठिण्य साडेचार ते पाच आणि तो पापुद्र्यांनी सुटतो. रोजच्या अंगठीत तो टिकणार नाही, लोलकात शोभेल. अकिकाचे काठिण्य सातच्या आसपास असल्याने तो पिढ्यान्‌पिढ्या वापरता येतो.

मराठी दागिन्यांत पाचू आला तो बाहेरून. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी कोलंबियाच्या खाणी ताब्यात घेतल्या आणि तिथला पाचू पोर्तुगीजांच्या गोव्यामार्गे हिंदुस्थानच्या दरबारांत पोहोचला. मोत्यांच्या नथीत लाल खड्याशेजारी हिरवा खडा बसला, तन्मणीच्या खोडात पाचू जडवला गेला. नवरत्नांत तो बुधाचा, म्हणून करंगळीत घालायचा. ग्रहांचे फळ ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. मला या रंगाचा घरगुती अर्थ अधिक मोलाचा वाटतो. नवरीचा हिरवा चुडा, डोहाळजेवणाची हिरवी साडी, देवीच्या ओटीतल्या हिरव्या बांगड्या : सौभाग्य आणि नवी पालवी यांचा हा रंग काचेच्या बांगडीतही तितकाच पवित्र मानला गेला. श्रीमंताच्या घरचा पाचू आणि कष्टकरी बाईची काच एकाच अर्थाने अंगावर चढतात, हे आपल्या परंपरेचे मोठेपण.

अशा दागिन्यातली खरी करामत हातांची. कोंदणात खड्याला आकडे नसतात. शुद्ध सोन्याची पातळ पत्री खड्याभोवती दाबत, थरावर थर बसवत कारागीर त्याला घट्ट धरतो. नथीतले मोती आणि खडे सोन्याच्या तारेत गुंफताना तार जरा जास्त ओढली गेली तरी सगळा डौल बिघडतो. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातले गलाई कारागीर देशभरच्या सराफ पेठांत पोहोचले आहेत. सोने शुद्ध करण्यात त्यांचा हात धरणारे थोडे. पण जुना जडावाचा दागिना गाळायला गेला की सोने तेवढे परत मिळते, कोंदण परत मिळत नाही. मोड देताना खड्याचे वजन वजा होते आणि कारागिरी तर हिशेबातच येत नाही. म्हणून आजीची नथ सैल झाली असेल तर ती दुरुस्त करून घ्या, मोडीत देऊ नका.

नवा खडा घेतानाही सावध असावे. बाजारात ‘ग्रीन ओनिक्स’ म्हणून विकली जाते ती बहुतेक रंगवलेली कॅल्सेडनी असते. तिच्यात गैर काही नाही, फक्त ती पाचूच्या भावाने घेऊ नये. काचेच्या खड्यात भिंगाखाली गोल बुडबुडे दिसू शकतात. पाचूच्या भेगांत तेल भरण्याची रीत जुनी आहे. असा खडा गरम पाण्यात किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात धुऊ नये. किंमत मोठी असेल तर प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे.

आणखी एक. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. हौसेपोटी तिथल्या कड्यांवर हातोडी चालवू नका. हिरवा अकीक हवा असेल तर तो कारागिराकडून चांदीत घडवून घ्या आणि पावतीवर खड्याचे खरे नाव लिहून मागा.