जाळ्यात कोण आलंय?

पळस्पे फाट्यावरून एक रस्ता पुण्याला जातो, एक गोव्याला, पण समुद्र आपल्याला होस्टेलच्या गच्चीवरूनही दिसत नाही! पनवेलच्या बाजारातली मुशी, एवढीच आपली शार्कशी ओळख. पण आपल्या कोकण किनाऱ्यावर जगातला सगळ्यात मोठा मासाही येतो, व्हेल शार्क. खुल्या समुद्रात फिरणारा हा प्राणी कधीकधी कोळ्यांच्या जाळ्यात सापडतो.

२००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणजे जाळं कापून त्याला सोडायचं. जाळं म्हणजे कोळ्याचं भांडवल. म्हणून महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. पुरावा म्हणून फोटो हवा, आणि फोटोत ओळख पटली पाहिजे.

नावात व्हेल असलं तरी हा देवमासा नव्हे. देवमाशाची शेपटी आडवी, याची उभी. मुशीचं तोंड खालच्या बाजूला असतं. याचं रुंद तोंड अगदी पुढे, सपाट डोक्याच्या टोकाला. (दात हजारो, पण बारीक. खातो काय, तर प्लँक्टन आणि छोटे मासे!) अंगावर दोन्ही बाजूंना लांब कंगोरे असतात. मात्र नुसत्या कंगोऱ्यांवर जाऊ नका, झेब्रा शार्कलाही ते असतात. मोठ्या झेब्रा शार्कचं अंग फिकट आणि ठिपके गडद, शिवाय शेपटी जवळजवळ अर्ध्या अंगाएवढी. व्हेल शार्कचं उलटं: राखाडी-निळ्या पाठीवर पांढरे ठिपके, मध्ये पांढऱ्या रेघा, कॅरमच्या नाही, बुद्धिबळाच्या पटासारख्या.

आता आपल्या ब्रँचवाल्यांसाठी खरी गंमत. हे ठिपके प्रत्येक माशाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. १९८६ मध्ये एडवर्ड ग्रोथ या शास्त्रज्ञाने आकाशाच्या दोन फोटोंमधले तारे जुळवायचा अल्गोरिदम काढला होता. २००५ मध्ये तोच व्हेल शार्कवर वापरला गेला! तीन-तीन ठिपक्यांचे त्रिकोण करायचे आणि बाजूंची गुणोत्तरं जुळवायची. फोटो जवळून काढला की लांबून, तिरका धरला की सरळ, याने फरक पडत नाही. दहावीचे समरूप त्रिकोणच की हे!

डाव्या आणि उजव्या बाजूचे ठिपके सारखे नसतात, त्यामुळे अभ्यासक मुख्यतः डावी बाजू वापरतात. तुमच्या ओळखीचं कोणी होडीवर जात असेल तर एवढं जरूर सांगा: एकच फोटो मिळणार असेल, तर डाव्या कुशीचा, शेवटच्या कल्ल्याच्या मागचा घ्या. मग लगेच जाळं कापा.