रोजा, साखर आणि दुसरा फोन

असरची नमाज होऊन गेलेली असते. मगरिबच्या अजानला तासभर बाकी असतो. इफ्तारसाठी फळे चिरायला बसलेली खाला मध्येच थांबते. हाताला कंप सुटतो, कपाळावर घाम येतो. सून विचारते, "अम्मी, काय होतंय?" "काही नाही गं, रोजा लागलाय," खाला म्हणते. "सगळा दिवस काढला, आता तासाभरासाठी कशाला तोडू?"

हा रोजा लागणे नव्हे. ही साखर घसरणे आहे. खालाला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. रोज सकाळी नाश्त्याआधी घ्यायची गोळी तिने रमजान सुरू होताच आपल्या मनाने सहेरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला घ्यायला सुरुवात केली. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. अशी दिवसातून एकदा घ्यायची गोळी रमजानमध्ये सहसा इफ्तारला घ्यायला सांगतात, काही वेळा तिची मात्राही कमी करतात. हे डॉक्टरला ठाऊक असते. खालाला ते कोणी सांगितलेले नसते, कारण तिने विचारलेले नसते. विचारायला जायचे तर तालुक्याला जाणारी एसटी, रिक्षा, दवाखान्यातली रांग आणि सोबतीला घरातल्या कोणाचा तरी बुडालेला रोज. एवढे करायचे कशासाठी, तर एका प्रश्नासाठी.

अशी एक खाला जवळपास प्रत्येक मोहल्ल्यात असते. आणि आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन साखर चढवून घेणारी, किंवा नवरात्रात नऊ दिवस उपास धरून गोळ्या बंद करणारी काकू प्रत्येक गल्लीत असते. दोघींची श्रद्धा वेगळी, आजार एकच. दोघींना हवे असलेले उत्तरही एकच: आपला आजार माहीत असलेले कोणीतरी, घरबसल्या भेटणारे. टेलिमेडिसिन, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून मिळणारा वैद्यकीय सल्ला, हे काम करू शकेल का? करू शकेल, पण त्यासाठी ही सेवा नुसती मोठी होऊन भागणार नाही.

आजार गावात, तज्ज्ञ शहरात

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाबाचे प्रमाण प्रौढांमध्ये ३५.५ टक्के आढळले. मधुमेह हा शहरातल्या सुखवस्तूंचा आजार, ही समजूत केव्हाच जुनी झाली आहे. मधुमेहतज्ज्ञ मात्र अजूनही प्रामुख्याने शहरातच बसतो.

हे अंतर तारेने जोडण्याचे प्रयत्न जुने आहेत. २००१ च्या सुमारास इस्रोने आंध्र प्रदेशातले अरगोंडा हे खेडे चेन्नईच्या मोठ्या रुग्णालयाशी उपग्रहाद्वारे जोडले होते. त्या काळी ती नवलाची गोष्ट होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'ई-संजीवनी' सुरू केली. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि फोनवरच्या सल्ल्याला स्पष्ट नियमांचा आधार मिळाला. पुढच्याच महिन्यात रुग्णाला घरून थेट डॉक्टरशी बोलता येईल अशी ऑनलाइन ओपीडी सुरू झाली.

दुसरी वाट उपकेंद्रातून जाते. गावातल्या आरोग्यवर्धिनी केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, बीएएमएस किंवा नर्सिंगची पदवी घेतलेले. ते रुग्णाला समोर बसवतात, रक्तदाब आणि साखर मोजतात आणि व्हिडिओवरून मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरशी जोडून देतात. रुग्णाकडे स्मार्टफोन असण्याची गरज नाही. औषध शक्यतो तिथेच मिळते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-संजीवनीने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. त्या वेळी १ लाख १५ हजारांहून अधिक केंद्रे या जाळ्यात होती. सल्ला घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त महिला होत्या. एसटीचे भाडे आणि सोबतीला माणूस नसल्यामुळे ज्यांचे दुखणे घरातच राहते, त्यांच्यापर्यंत ही सेवा पोचली, हे मोठेच काम झाले.

ताप आणि मधुमेह

पण त्याच आकडेवारीत आणखी एक गोष्ट होती. सल्ला घेणाऱ्यांत ज्येष्ठ नागरिक जेमतेम १२ टक्के होते. ज्या वयात रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी एकत्र नांदतात, ते वय या रांगेत थोडेच दिसले.

याचे एक कारण आजाराच्या स्वभावात शोधता येते. ताप, खोकला, खरूज यांना एक फोन पुरतो. डॉक्टरने विचारले, औषध लिहिले, आठवड्यात माणूस बरा झाला. मधुमेहाला पहिला फोन पुरत नाही. गोळी सुरू केली, मग महिन्याने साखर किती आली? पाय बधिर होतात का? गोळी परवडते का, की दोन दिवसांआड घेतली जाते? हे सारे दुसऱ्या फोनवर कळते, चौथ्या फोनवर कळते. ऑनलाइन ओपीडीत मात्र त्या वेळी जो डॉक्टर मोकळा असेल तो समोर येतो. पुढच्या वेळी दुसरा. खालाला आपली बारा वर्षांची कहाणी पुन्हा बिस्मिल्लापासून सांगावी लागते. तिसऱ्यांदा ती सांगत नाही, आणि फोनही करत नाही.

मार्गदर्शक तत्त्वांतही या पाठपुराव्याला वेगळे स्थान आहे. त्याच डॉक्टरकडे, त्याच आजारासाठी, आधीच्या भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत घेतलेला सल्ला हा पाठपुरावा मानला जातो, आणि त्यात औषध वाढवण्या-बदलण्याची मोकळीक डॉक्टरला जास्त मिळते. म्हणजे ओळख असेल तर उपचार अधिक मोकळेपणाने करता येतात, हे नियम लिहिणाऱ्यांनाही माहीत होते. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातला १४ अंकी 'आभा' क्रमांक याच ओळखीसाठी आहे. रुग्णाची संमती असेल तर त्याची जुनी कागदपत्रे नव्या डॉक्टरला दिसावीत, ही कल्पना चांगली आहे. पण क्रमांक काढणे ही पहिली पायरी झाली. त्यामागे प्रत्येक भेटीची नोंद भरली गेली, तरच तो कामाचा. नाहीतर रिकाम्या फाइलीवर नाव तेवढे छापलेले.

जिथे जमले तिथे काय केले?

नोंद आणि पाठपुरावा नीट झाला तर काय होते, याचे उदाहरण घरचेच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे निवडले होते. उपक्रमात अवघड असे काही नव्हते. कोणत्या रुग्णाला कोणती गोळी, किती मात्रेने, याचा ठरलेला साधा क्रम होता. गोळ्यांचा साठा संपू द्यायचा नाही, हा नियम होता. नर्स आणि आशाताई चमूत होत्या. आणि आला नाही त्या रुग्णाची यादी होती, जिच्यावरून त्याला फोन जायचा. निवडक केंद्रांतल्या सुमारे २२ हजार रुग्णांच्या अभ्यासात रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण २६ टक्क्यांवरून जवळपास ६० टक्क्यांवर गेलेले दिसले. यात न आलेल्या माणसाला केलेल्या फोनचा वाटा मोठा आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याचे. तिथे डॉ. संजीव अरोरा या भारतीय वंशाच्या डॉक्टरांकडे यकृताच्या हिपॅटायटिस-सी या जुनाट आजाराच्या रुग्णांची काही महिन्यांची रांग लागायची. त्यांनी २००३ मध्ये उलटा मार्ग धरला. रुग्णाला स्क्रीनसमोर बसवण्याऐवजी त्यांनी खेड्यांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टरांना ठरावीक दिवशी व्हिडिओवर एकत्र बसवले. प्रत्येकाने आपला रुग्ण मांडायचा, तज्ज्ञांनी मार्ग सांगायचा, बाकीच्यांनी शिकायचे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात विद्यापीठाच्या रुग्णालयात ५७.५ टक्के, तर गावाकडच्या केंद्रांत ५८.२ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले. फरक नाहीच म्हणा ना! तज्ज्ञ शहरातच राहिला, ज्ञान गावात गेले. आणि रुग्णाला ओळखणारा डॉक्टर बदलला नाही.

या दोन उदाहरणांतून दिसते ते एवढेच: सेवेचा विस्तार मोजायचा तर किती फोन झाले हे मोजून पुरत नाही. त्यातल्या किती रुग्णांची साखर आणि किती जणांचा रक्तदाब वर्षभर आटोक्यात राहिला, हे मोजावे लागते. सरकारनेही २०२५ पर्यंत साडेसात कोटी लोकांना रक्तदाब व मधुमेहासाठी प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट २०२३ मध्ये जाहीर केले होते. उपचाराखाली आणणे ही सुरुवात आहे. माणूस तिथे टिकतो की नाही, हा खरा हिशेब.

फोन जे पाहू शकत नाही

फोनच्या मर्यादाही सरळ मान्य केलेल्या बऱ्या. मधुमेह्याच्या तळपायाची जखम बोटाने चाचपावी लागते. डोळ्याच्या पडद्याची तपासणी यंत्राशिवाय होत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी रक्त घेऊनच करावी लागते. छातीत दुखत असेल तर फोन लावत बसायचे नसते, रुग्णालय गाठायचे असते.

शिवाय घरातला फोन कोणाचा, हाही प्रश्न आहे. बहुतेक घरांत चांगला फोन मुलाकडे असतो आणि मुलगा दिवसभर कामावर. साखर मोजायचे यंत्र एकदा घेता येते, पट्ट्या मात्र पुन्हापुन्हा विकत घ्याव्या लागतात. भाषेचेही तसेच. खाला दखनीत "जी घबराता" म्हणते, मेळघाटातली आजी कोरकूत आपले दुखणे सांगते. ते समजणारा माणूस मधे नसेल तर व्हिडिओ कितीही स्वच्छ दिसो, उपयोग नाही. म्हणूनच उपकेंद्रातली सिस्टर आणि दारावर येणारी आशाताई हाच या साऱ्या व्यवस्थेचा कणा आहे. तिच्यावर आणखी एक ॲप भरण्याचे काम टाकायचे आणि मानधनाचे नाव काढायचे नाही, असे करून ही सेवा वाढणार नाही.

रमजानची परीक्षा

रमजान ही या व्यवस्थेची दरवर्षी येणारी परीक्षा आहे. तारीख आधी माहीत, रुग्ण माहीत, धोका माहीत. २००१ च्या रमजानमध्ये १३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांचा अभ्यास झाला होता. टाइप-२ मधुमेह असलेल्यांपैकी जवळपास ७९ टक्के लोकांनी किमान १५ रोजे धरले. साखर धोकादायक पातळीला घसरण्याचे प्रसंग एरवी दर १०० रुग्णांमागे महिन्याला ०.४ असत, ते ३ वर गेले. म्हणजे साडेसात पट.

आजारी माणसाला रोजातून सूट आहे. बरा झाल्यावर ते रोजे पूर्ण करावेत, आणि आजार कायमचा असेल तर फिदिया म्हणून गरिबाला जेवू घालावे, ही मुभा कुरआननेच दिली आहे. तरीही खाला रोजा सोडत नाही. सगळे घर पहाटे उठलेले असताना आपण एकटीने झोपून राहणे तिला सहन होत नाही. हे समजून घेतल्याशिवाय दिलेला "रोजा करू नका" हा सल्ला ती ऐकते आणि दाराबाहेर विसरते. त्यामुळे डॉक्टरशी बोलणे रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी व्हायला हवे. कोणाचा रोजा सुरक्षित, कोणाचा नाही, गोळी कधी, इन्शुलिन किती, हे तेव्हाच ठरते. बोटाला सुई टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा तिथेच सोडावा, हा वैद्यकीय नियम आहे. शुक्रवारच्या बयानात इमामसाहेबांनी या दोन गोष्टी सांगितल्या तर त्या डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा लवकर घराघरांत पोचतील.

मलेशियात याच महिन्यासाठी छोटे प्रयोग झाले आहेत. रुग्णाने घरी साखर मोजायची, आकडा दूरच्या आरोग्य चमूपर्यंत जायचा, गरज पडली तर तिथून फोन यायचा. अशा रुग्णांत साखर घसरण्याचे प्रसंग कमी आढळले. यासाठी उपग्रह लागला नाही. एक यंत्र, एक यादी आणि फोन करणारे एक माणूस पुरले.

आपल्याकडे आरोग्यवर्धिनी केंद्र आहे, आशाताई आहे, व्हिडिओवर डॉक्टर आहे. कमी आहे ती यादीची, आणि त्या यादीवरून जाणाऱ्या दुसऱ्या फोनची. तीच यादी नवरात्राआधी काकूंसाठी उघडता येईल, आषाढीच्या आधी पायी निघणाऱ्या वारकऱ्यांसाठी उघडता येईल.

पुढच्या रमजानमध्ये तिसऱ्या रोजाच्या दुपारी खालाच्या घरी फोन वाजायला हवा. "खाला, गोळी इफ्तारलाच घेताय ना? आत्ता साखर किती आली?" खाला चष्मा लावून यंत्रातला आकडा वाचेल. तो ६५ असला तर पलीकडचा आवाज म्हणेल, "आता उशीर करू नका, दोन खजूर खा, पाणी प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मी फोन करते." आणि पंधरा मिनिटांनी तो फोन यायला हवा.