नोलॉक लावलं तरी लॉक लागतोच!

एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वेरीला 'नोलॉक' लावलं की टेबलवर कसलाच लॉक लागत नाही, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही, मंडळी! ओळींवरचे शेअर्ड लॉक टळतात हे खरं. पण टेबलची रचना मध्येच बदलू नये म्हणून स्कीमा लॉक घेतला जातोच. करून बघा: एका विंडोत 'बिगिन ट्रान', मग 'ऑल्टर टेबल'ने नवा कॉलम जोडा आणि कमिट करू नका. दुसऱ्या विंडोतली नोलॉकवाली 'सिलेक्ट' ताटकळत बसते! शिवाय नोलॉकमुळे पुढे रोलबॅक होणारी रक्कमही वाचली जाऊ शकते, कधी एखादी ओळ दोनदा येते किंवा गळते. त्यामुळे हिशेबाच्या रिपोर्टला नोलॉक नकोच. त्यापेक्षा 'रीड कमिटेड स्नॅपशॉट' वापरून बघा.