उताणा हात

पहाटे ४.५०

गजर बंद करायला उजवा हात पुढे जातो आणि मी त्याला वाटेतच थांबवते. रात्रभर दुमडून राहिलेलं कोपर पहाटे लाकूड झालेलं असतं. एकदम सरळ केलं, तर कोपराच्या बाहेरच्या टेंगळापासून थेट मनगटापर्यंत अशी कळ जाते की तोंडून ‘आई गं’ निघतं आणि शेजारी झोपलेले हे दचकून उठतात. म्हणून आधी पांघरुणातच दहा वेळा मूठ उघडायची, मिटायची. मग कोपर सावकाश सोडायचं. मग डाव्या हाताने गजर. तोवर तो बिचारा आपोआप थांबलेला असतो.

५.१५

डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत पोळीभाजी केंद्र, मागच्या खोलीत संसार. सकाळी लोकल गाठणाऱ्यांच्या पोळ्या सातच्या आत लागतात आणि रात्री त्याच लोकलमधून पिळवटून उतरलेल्यांच्या सातनंतर. सतरा वर्षं हेच वेळापत्रक आहे.

ओट्याच्या कडेला खिळ्याला दोरीने एक वही टांगलेली असते. पूर्वी तिच्यात फक्त ऑर्डरी असायच्या. आता प्रत्येक पानावर मधोमध रेघ आहे. डावीकडे पोळ्या, उजवीकडे दुखणं, दहापैकी. काल १२४ आणि तीन. परवा १४० आणि पाच. परवाच्या पाचाला खाडाखोड आहे. आधी मी तीन लिहिलं होतं.

ही वही फिजिओ मुलीने लावून दिली. माझ्या लेकीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. पहिल्या पंधरवड्यात मी रोज दोन, दोन, दोन असं लिहून नेलं. तिने वही पाहिली, मग मला टेबलावर पालथा हात ठेवायला सांगून मधल्या बोटावर आपलं बोट टेकवलं आणि म्हणाली, ‘काकू, हे वर उचला.’ उचलताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ‘हे दोन?’ तिने विचारलं. खोटं लिहिण्याचं कारण तिला सांगायची गरज पडली नाही. आकडा वाढला की ती पोळ्या कमी करायला सांगणार, आणि पोळी कमी झाली की गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जातं.

कणीक आता यंत्र मळतं. सेकंडहँड घेतलं, फार घरघरतं, वरच्या मजल्यावरच्या आजोबांची त्यावरून दोनदा तक्रार आली. पण मळणं हातून गेलं आणि पहिला फरक तिथेच पडला. कणीकही पूर्वीपेक्षा सैल ठेवते आणि अर्धा तास झाकून मुरू देते. घट्ट कणकेची पोळी हातावर उठते, मऊ कणकेची स्वतःहून पसरते. हे माझ्या सासूबाई सांगायच्या ते पोळीच्या चवीसाठी. मला ते कोपरासाठी कळलं.

५.५०

लाटायला उभी राहते. पायाखाली जुना पाट, कारण ओटा मला दोन इंच उंच पडतो. खांदा वर चढला की सगळा भार कोपरावर येतो. कोपराच्या दोन बोटं खाली पट्टा. बहुतेक लोक तो दुखऱ्या हाडावरच बांधतात, मीही महिनाभर तसाच बांधला.

एक घडीची पोळी लाटताना लाटणं किती वेळा फिरतं हे मी दुखणं आल्यावर पहिल्यांदा मोजलं. चोवीस वेळा. उमेदीच्या दिवसांत मी रोज २२० पोळ्या लाटायचे. म्हणजे पाच हजार दोनशे ऐंशी. हा गुणाकार लेकीने केला आणि कॅल्क्युलेटर माझ्यासमोर धरून काहीच बोलली नाही.

लाटणं पकडायला बोटं मिटतात, पण ती घट्ट मिटावीत म्हणून मनगटाला मागून ताणून धरावं लागतं. ते काम हाताच्या मागच्या अंगाने जाणारे स्नायू करतात आणि ते सगळे एका जाड दोरीने कोपराच्या बाहेरच्या टेंगळाला बांधलेले असतात. दोरी म्हणजे कंडरा. शाळेत हा शब्द पाठ केला होता, तो चाळिशीनंतर उपयोगी पडला. वर्षानुवर्षं ताण पडत राहिला की तिचे धागे विस्कटतात, आणि शरीर डागडुजी करतं तीही ओबडधोबड, जुन्या गोधडीला घाईत ठिगळ लावावं तशी. सुजेच्या नावाने आपण गोळ्या खातो, पण सूक्ष्मदर्शकाखाली तिथे सुजेच्या पेशी फारशा सापडतच नाहीत. म्हणून तर गोळीने दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी कोपर जागच्या जागी.

सासूबाईंचं शिसवी लाटणं मी कपाटात ठेवलं. वजनाला भारी, मधे फुगीर, टोकांना बारीक. बारीक टोक धरायला मूठ आवळावी लागते. आता हलक्या लाकडाचं, सरसकट जाड लाटणं वापरते आणि धरत नाही, तळव्याखाली नुसतं लोळवते. बोटं उघडी. सुरुवातीला पोळ्यांचे नकाशे झाले. एका गिऱ्हाइकाने ‘काकू, आज श्रीलंका का?’ असंही विचारलं.

चाळीस झाल्या की थांबायचं. पाच मिनिटं. भाजायला मदतनीस मावशी आहेत. पूर्वी मी एकीकडे लाटून दुसरीकडे भाजायचे, त्याचा मला अभिमान होता. सांडशीने तवा उचलणं आता पूर्ण बंद. लाटणं परवडलं, पण सांडशी नको. चिमूट आवळून, हात पालथा, वर जड तवा. या दुखण्याला जे जे म्हणून नको, ते सगळं त्या एका सांडशीत आहे.

९.३०

चहा. कप डाव्या हाताने. ओट्याचं फडकं पिळायचं काम मावशींकडे. पिळणं आणि बरणीचं झाकण फिरवणं या दोन गोष्टी घरात मला कुणी करू देत नाही. हे सुख सतरा वर्षांत मिळालं नव्हतं.

दुखण्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हे खुशीतच आले. ‘सचिनला झालं होतं तेच!’ दवाखान्यातून घरी येईपर्यंत मला २००४चा मोसम, २००५च्या मेमधलं लंडनचं ऑपरेशन आणि ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध काढलेल्या ९३ धावा, सगळं ऐकून झालं. सचिनच्या हाताची अख्ख्या देशाला काळजी होती. माझा हात बाहेरून धडधाकट दिसतो. ना सूज, ना प्लास्टर. मोठ्या जाऊबाई अजून म्हणतात, ‘शीर आखडली असेल गं, ओव्याच्या पुरचुंडीने शेक.’ शेकलं. आंबेहळद, रक्तचंदन आणि तुरटी उगाळून लेपही लावला. शेकाने बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण बरं वाटतं आणि बरं होतं यांत फरक आहे.

टेनिस खेळणाऱ्यांपेक्षा न खेळणाऱ्यांनाच हे जास्त होतं. सुतार, रंगारी, शिंपी, खाटीक, दिवसभर माऊस धरून बसणारे. १८७३ मध्ये एका जर्मन डॉक्टराने याची पहिली नोंद केली ती तर लिहिणाऱ्या हाताबद्दल होती. टेनिस नंतर आलं आणि नाव घेऊन गेलं. स्वयंपाकघरात कुणी नोंदवही ठेवली असती, तर ‘लाटणंकोपर’ म्हटलं असतं.

१०.१५

मागल्या वर्षीच्या इंजेक्शनची गोष्ट मावशींना आज परत सांगितली. त्यांच्या भाचीला कुणी तेच सुचवलंय. गणपतीच्या आधी दुखणं असह्य झालं होतं, मोदकांच्या ऑर्डरी घेऊन बसले होते. एका डॉक्टरांनी कोपरात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी कळ गायब. मला वाटलं, सुटले. पाच आठवडे मी दोनशे-दोनशे पोळ्या लाटल्या, शिवाय मोदक. हळू घ्या, असं मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, हा प्रश्न निराळा. दसऱ्याला दुखणं परत आलं ते असं, की पाण्याचा पेला उचलेना. तेव्हा दिवसाला चाळीस पोळ्यांवर आले.

फिजिओने नंतर ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास सांगितला. ब्रिस्बेनला १६५ जणांवर केलेला, २०१३ मध्ये छापलेला. खरं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचं दुखणं वर्षभरात उलटलं होतं. नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांत हे प्रमाण आठांत एक. काहीच न करता वाट पाहणाऱ्यांपैकी बहुतेकजणही वर्षभरात, फार तर दोन वर्षांत बरे होतात म्हणे. ‘मग तुझी फी कशाला?’ मी विचारलं. ती हसली. ‘काकू, तुम्ही काहीच न करता बसणाऱ्या आहात का?’

मावशी म्हणाल्या, भाचीला सांगते. सांगतील की नाही, देव जाणे.

११.३०

बाजार. भाजीवाल्याने पिशवी पुढे केली की मी हात उताणा करते. तळवा आभाळाकडे. उताण्या हाताने उचललं की वजन दंडाच्या पुढच्या स्नायूंवर जातं आणि कोपराचं बाहेरचं टेंगूळ सुटतं. पालथ्या हाताने तीच दोन किलोची पिशवी उचलून बघा. एवढ्या साध्या गोष्टीने माझा अर्धा दिवस सुसह्य केला. डबे उताण्या हाताने, परात दोन्ही हातांवर झेलून, कुकर तर अंगाशी धरून. लांब हाताने काही उचलायचं नाही. फिजिओने हे चार वेळा सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी, असं मीच स्वतःला म्हणाले, आणि पालथ्या या शब्दावरच अडले.

२.००

दुपारची झोप मोडून व्यायाम. झोपच जास्त आवडते, हेही वहीत लिहायला हवं.

टेबलाच्या कडेवर कोपरापासून मनगटापर्यंत हात टेकवायचा, पंजा बाहेर लोंबता, पालथा. मुठीत पाण्याने भरलेली बाटली. डाव्या हाताच्या मदतीने पंजा वर न्यायचा, मग डावा हात काढून घ्यायचा आणि उजव्याने एकट्याने बाटली खाली आणायची. सावकाश. एक, दोन, तीन, चार. पंधरा वेळा, असे तीन फेरे. उचलण्यात औषध नाही, उतरवण्यात आहे. पहिले काही आठवडे तर हलवायचंही नव्हतं, नुसतं पाऊण मिनिट तोलून धरायचं. तेव्हा बाटली अर्ध्या लिटरची होती, आता एक लिटरची आहे. शेवटी टॉवेलची गुंडाळी करून ती दोन्ही हातांनी पिळायची आणि उजव्याने हळूहळू सैल सोडायची. फडकं पिळायला बंदी आणि टॉवेल पिळायचा व्यायाम, यावर मी भांडले होते. तिने समजावलं, तिथे तुम्ही मोजत नाही, इथे मोजता.

हे करताना दुखतं. दुखलं तरी चालेल, हेच माझ्या गळी उतरायला वेळ लागला. आपल्याकडे दुखलं की हात गळ्यात बांधून बसवतात, नाहीतर दात-ओठ खाऊन काम रेटतात. कंडरेला दोन्ही सोसत नाही. ओझंच पडलं नाही तर ती लेचीपेची होते, अती पडलं तर उसवते. दुखणं तीन-चाराच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळपदावर यायला हवं. नाही आलं, तर बाटलीतलं पाणी कमी.

सुरुवातीला तिने मानही वळवून पाहिली होती, बोटांना मुंग्या येतात का विचारलं होतं. मुंग्या किंवा बधिरपणा असता, तर ही वाटच वेगळी होती.

५.३०

दुसरी पाळी. मावशींचा मुलगा कॉलेजातून आला की पीठ चाळून देतो. तीस झाल्या, थांबले. पन्नास. कोपरात ठसठस सुरू. साठाव्या पोळीला पट्टा सैल करून परत बांधला.

७.१० च्या सुमाराला रांग लागते. एक ओळखीचे काका नव्या नोकरीचे पेढे घेऊन आले आणि आनंदात त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ‘अभिनंदन,’ मी कसंबसं म्हणाले. पुढच्याला नमस्कारच केला.

‘काकू, वीस द्या ना, बाराच का?’

‘आज बाराच. भाकरी देऊ आठ?’

भाकरी हा माझा या वर्षीचा शोध. ती थापायला मूठ लागत नाही. तळवा उघडा, मनगट मोकळं. कोकणातून आलेल्या आईने शिकवलेली तांदळाची भाकरी इतकी वर्षं मी घरापुरतीच करत होते. आता चाळीस जातात.

९.२०

भांडी मावशींनी आवरली. हे लोकलच्या गर्दीच्या गोष्टी सांगतात. लेक कोपरावर दहा मिनिटं बर्फाची पिशवी धरते, आणि वही पुढ्यात ओढते. फोन वाजतो. उद्याला चाळीस पुरणपोळ्या, घरी पाहुणे आहेत, काकू तुमच्याच हातच्या हव्यात.

तुमच्याच हातच्या. हे ऐकलं की सतरा वर्षं जीभ ‘हो’च म्हणत आली.

‘पंधरा देते,’ मी म्हणते. ‘बाकीच्यांसाठी पलीकडच्या गल्लीतल्या ताईंचा नंबर घ्या. त्यांचं पुरण छान असतं.’ फोन ठेवल्यावर हे माझ्याकडे बघत राहतात.

‘आजच्या पोळ्या?’ लेक विचारते.

‘एकशे अठरा. भाकरी धरू नकोस.’

‘आणि दुखणं?’

‘तीन.’

ती पेन उचलत नाही. बर्फाचं पाणी मनगटावरून ओघळून टेबलावर उतरतं.

‘बरं, साडेचार लिही.’