कारखाना, कायदा आणि बाटलीतला प्राणवायू

दिवाळी सरली की अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग लागते. याच जिल्ह्यात, लोणीजवळ प्रवरानगर येथे, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पुढे जिल्ह्यात असे अनेक कारखाने निघाले.

कारखाना चालवायचा म्हणजे नुसता ऊस गाळून भागत नाही. कायद्यांनाही उत्तरे द्यावी लागतात. कामगारांविषयीचा कायदा विचारतो, ‘कामगाराने किती तास काम केले?’ उत्तर घड्याळ देते. कराचा कायदा विचारतो, ‘किती माल विकला?’ उत्तर वजनकाटा आणि हिशेबाच्या वह्या देतात. पर्यावरणाचा कायदा विचारतो, ‘पाणी किती घाण केले?’ आता घाण कशाने मोजायची? रंगाने की वासाने? ‘पाण्याला फार वास येत होता’ एवढ्यावर न्यायालयात निकाल लागत नाही. तेथे आकडा हवा. तो कसा मिळतो ते पाहू.

उसाच्या रसातून साखर काढल्यावर जो काळा, दाट पाक उरतो त्याला मळी म्हणतात. मळी आंबवून अल्कोहोल तयार करतात. एक लिटर अल्कोहोलमागे सुमारे दहा लिटर तपकिरी सांडपाणी उरते. त्याला स्पेंटवॉश म्हणतात. ते जहाल विष नसते, उलट त्यात सेंद्रिय द्रव्ये भरपूर असतात. मग नदीत मासे का मरतात?

कारण ही द्रव्ये जीवाणूंचे अन्न आहे. अन्न मिळताच जीवाणू झपाट्याने वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. मासे गुदमरतात. म्हणजे पाण्यात घाण किती, हे ती फस्त करायला जीवाणूंना किती प्राणवायू लागतो त्यावरून मोजता येईल! याच मापाला ‘जैवरासायनिक प्राणवायू मागणी’, थोडक्यात बीओडी, म्हणतात.

कृती सोपी आहे. समजा, १ मिलिलिटर स्पेंटवॉश स्वच्छ पाण्यात मिसळून एकूण १० लिटर केले. म्हणजे तो १०,००० पट पातळ झाला. हे पाणी बुडबुडा न राहील अशा बेताने बाटलीत भरून बूच लावायचे आणि ती २७ अंश सेल्सियस तापमानात तीन दिवस अंधारात ठेवायची. अंधार का? उजेडात शेवाळ नवा प्राणवायू तयार करील आणि हिशेब चुकेल. सुरुवातीला लिटरमागे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू होता आणि शेवटी ३ उरला, तर ४.५ खर्च झाला. त्याला १०,००० ने गुणा. उत्तर ४५,०००! स्पेंटवॉशचा बीओडी खरोखरच एवढा मोठा असतो. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा आहे अवघी ३०.

आता नदीचा हिशेब करू. ३० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. म्हणजे एक लिटर स्पेंटवॉश ६,००० लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊ शकतो. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री गुपचूप ओढ्यात ओतला तर? सहा कोटी लिटर पाणी!

तीन दिवस आणि २७ अंश हे आकडे कोठून आले, त्याचीही कथा आहे. १८९८ साली नेमलेल्या इंग्लंडमधील आयोगाने ही मुदत पाच दिवसांची ठरवली होती, कारण तिकडच्या नद्या तेवढ्या वेळात समुद्राला मिळतात. पुढे तापमान २० अंश धरले जाऊ लागले. पण आपली प्रवरा नेवासे तालुक्यात गोदावरीला मिळते आणि तेथून समुद्र हजार किलोमीटरांहून अधिक दूर! शिवाय आपले पाणी उबदार, आणि उबेत जीवाणूंचे काम वेगाने चालते. म्हणून भारतीय मानकात २७ अंशांवर तीन दिवसांची कसोटी आली.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ सालीच कायदा केला आणि १९७० साली मंडळ स्थापन केले. केंद्राचा जल कायदा १९७४ चा. त्यात नमुना घेण्याची रीत बारकाईने सांगितली आहे. कारखानदाराला तेथेच नोटीस द्यायची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांवर मोहोर आणि दोघांच्या सह्या. रीत मोडली तर प्रयोगशाळेचा अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. असे का? कारखानदारावर खोटा आळ येऊ नये आणि खऱ्या दोषीला ‘बाटली माझी नव्हे’ म्हणता येऊ नये, म्हणून. विज्ञानातला काटेकोरपणा येथे न्यायाच्या उपयोगी पडतो.

कायद्याच्या रेट्याने तंत्रही बदलले. बंद टाक्यांत स्पेंटवॉश कुजवून त्यातील मिथेन वायू बॉयलरमध्ये जाळतात. उरलेल्या पाण्याचे प्रेसमड मिसळून खत करतात किंवा ते आटवून जाळतात. अल्कोहोलच्या कारखान्यांनी २००५ अखेर नदीनाल्यात थेंबही सोडू नये, असे २००३ साली ठरले. हे पाळले जाते की नाही, हे शेवटी पुन्हा बाटलीच सांगते.

मित्रांनो, तुम्हीही एक प्रयोग करा. एक लिटरच्या दोन बाटल्यांत तळ्याचे पाणी काठोकाठ भरा. एकीत चमचाभर दूध घाला. शाळेच्या प्रयोगशाळेतून मिथिलीन ब्लू आणून दोहोंत दोन-दोन थेंब टाका, बुचे लावा आणि बाटल्या कपाटात ठेवा. प्राणवायू संपला की निळा रंग नाहीसा होतो. कोणती बाटली आधी फिकी पडते आणि किती तासांनी, ते वहीत लिहा. दिनांक व वेळ मात्र विसरू नका; त्यावाचून साक्ष अपुरी!